शेवटी उठणारे सर

“ताट रिकामं झालं म्हणून काय झालं, बस की जरा.”

सर हे तिला म्हणाले तेव्हा ती विद्यापीठाच्या निवासात नुकती राहायला आली होती. घरी भावंडांची फौज. ज्याचा हात चालेल त्याचं पोट भरेल, अशा घरात वाढल्यामुळे जेवण ही तिला उरकायची गोष्ट वाटायची. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मेसमध्ये तिनं भराभर जेवून ताट उचललं, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की त्या लांबच लांब खोलीत उभी असलेली ती एकटीच आहे. बाकी सगळे बसलेले. बऱ्याच जणांची ताटं तिच्याइतकीच रिकामी. आणि सगळे तिच्याकडे असे बघत होते, जणू भर परीक्षेत ही बया गाणं म्हणायला उठली आहे.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून ते वाक्य आलं. त्यात राग नव्हता, उपदेश तर नव्हताच. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं ते म्हटलेलं होतं. ती बसली. शेजारची मुलगी कानात कुजबुजली, की बाई गं, सर उठल्याशिवाय इथे कुणी उठत नाही.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेले नियम मोडायला मुलं टपलेलीच असायची. गेटची वेळ, हीटरची बंदी, भिंतीवर खिळे न ठोकणं, सगळं रोज मोडलं जायचं. हा मात्र लिहिलेला नसल्यामुळे कुणाला नेमका कुठून मोडावा ते सुचलं नसावं.

सर निवासाचे प्रमुख, आणि विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवायचे. “मी आयुष्य मातीत घातलं,” असं ते स्वतःच म्हणायचे, “आणि वर त्याचा पगारही घेतला.” ठेंगणे, रुंद, मान खांद्यांत बसलेली. एवढ्या सावकाश जेवायचे की मुलांनी त्यांचं नाव कासव ठेवलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी मेसच्या फळ्यावर कासवाचं चित्र काढलं, तर त्यांनी खाली खडूनं शेरा मारला, ‘पाय आखूड झालेत’, आणि जेवायला बसले.

कासव एवढं हळू का जेवतं, याबद्दल निवासात तट पडलेले होते. एकाचं म्हणणं, दात हलतात. दुसऱ्याचं, पोटात काहीतरी आहे. मुलींचं मत असं, की बायको गेल्यापासून त्यांना खोलीवर परत जावंसं वाटत नाही. हे सांगताना मुलींचे डोळे भरून यायचे, कारण त्या वयात दुसऱ्याच्या दुःखावर रडलं की बरं वाटतं.

त्या संध्याकाळपासून सर तिला ‘घाईबाई’ म्हणू लागले. जिन्यात भेटली तरी घाईबाई, ग्रंथालयात भेटली तरी घाईबाई. घरी तिला हाक मारताना आई आधी दोन बहिणींची नावं घेऊन मग तिच्या नावाशी पोचायची. इथे तिच्या एकटीसाठी एक नाव तयार झालं होतं. कुणी आपल्याला नाव ठेवलं म्हणून एवढा आनंद होतो, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

पुढे ती निवासातून बाहेर पडली, गणितात बरंच शिकली, एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं, आणि फिरून त्याच विद्यापीठात शिकवायला आली. सर निवृत्तीला आले तेव्हा निवासाचं प्रमुखपद विद्यापीठानं तिला देऊ केलं. एक अट होती. पहिलं सत्र संपलं की निवासातल्या मुलामुलींची सभा भरेल आणि त्यांना विचारलं जाईल, या बाई तुम्हाला हव्यात का? सभा नाही म्हणाली, तर दुसरं कुणी बघायचं.

तिला ते पद हवं होतं. बोलून दाखवायची लाज वाटावी इतकं हवं होतं. नवऱ्याला मात्र कळलं, कारण ती झोपेत कुशीवर वळताना खोल्यांचे नंबर पुटपुटत होती.

आणि सगळ्यात पहिली चूक तिनं प्रेमापोटी केली. सरांनी सामान बांधायला घेतलं, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, की सर, कुठे जाताय, मागची खोली रिकामीच आहे, राहा की. सरांची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात राहायची, आणि या वयात मेसचं खाऊन काय पोट भरणार असं फोनवर दर आठवड्याला विचारायची. सरांनी एकदा बांधलेल्या ट्रंकेकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. मग म्हणाले, की बरं, या सत्रापुरता.

मागची खोली पूर्वी गाद्या ठेवायची होती. खिडकीतून सायकलींचा गोठा दिसायचा. तिथे उभ्या केलेल्या सायकलींना मुलं गोठाच म्हणायची. सरांनी तिथे आपल्या काचेच्या बरण्या मांडल्या, प्रत्येकीत वेगळी माती, काळी, तांबडी, राखाडी. त्या बरण्यांमध्ये ते संध्याकाळी बसायचे, तेव्हा दुकान थाटून गिऱ्हाईक न आलेल्या माणसासारखे दिसायचे.

गिऱ्हाईक मात्र येऊ लागलं. निवासातली मुलं तक्रार घेऊन आधी मागच्या खोलीत जायची आणि मग, वाट वाकडी करून, पुढच्या ऑफिसात. मुलांचा पुढारी होता एक उंच, काटकुळा मुलगा. सगळे त्याला खांब म्हणायचे. तिनं काहीही ठरवलं की खांब अदबीनं मान हलवायचा आणि म्हणायचा, “हो ताई. सरांना विचारून सांगतो.”

मेसमध्ये तर कहरच झाला. पहिल्या संध्याकाळी ती नव्या प्रमुखाच्या खुर्चीत बसली, जेवली, आणि उठली. कुणी उठलं नाही. सगळ्यांचे डोळे सरांवर. सर पुढच्या टेबलाच्या टोकाला, कोपर टेकून, एक घास ताटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवत होते. ती परत बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती अर्धी उठली आणि मधेच सावरून बसली, तेव्हा मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानंतर तिनं आधी उठणं सोडून दिलं. सर उठतील तेव्हा उठू लागली. कुणाला वाटलं, किती आदर. तिला मात्र आपण शाळेत दुसऱ्याच्या वहीत बघून उतरवतो आहोत असं वाटायचं.

मेसवाल्या काकूंना आदराचं काही पडलेलं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, “ताई, एका म्यानात दोन तलवारी ठेवा नाहीतर चार ठेवा. माझी भांडी तेवढी वेळेवर येऊ देत.”

एका संध्याकाळी तिचा नवरा मेसमध्ये जेवायला आला. दातांचा डॉक्टर असल्यामुळे त्याला एक वाईट खोड होती, समोरचा जेवत असला की याची नजर त्याच्या तोंडात. तिनं टेबलाखालून दोनदा पाय मारला तरी तो सरांकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला, “तुझे सर चावत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“तोंडात काही नाहीच आहे. घास नुसता ताटात फिरतोय. दात एकदम ठणठणीत, मगाशी हसले तेव्हा बघितले. माणूस केव्हाचा जेवून बसलाय.”

मग तिनं सरांच्या नजरेचा माग घेतला. नजर कुठेतरी दूर, पाण्याच्या टाकीजवळच्या टेबलावर होती. तिथे औषधशास्त्राची एक नवी मुलगी भाजीचा एकेक तुकडा पुन्हा बारीक करून खात होती, मान खाली घालून, चोरून खात असल्यासारखी. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली पाठ करून दुसऱ्यांशी बोलत होत्या. त्या मुलीनं शेवटचा तुकडा खाल्ला, पाणी प्यायली, ओठ पुसले. सरांनी आपला तो फिरवलेला घास तोंडात टाकला आणि उठले. खुर्च्या वाजल्या, सगळी खोली उठली.

दुसऱ्या दिवशी दुसरंच कुणी होतं. ताप अंगावर काढलेला एक मुलगा. त्यानंतर, घरच्या फोनवर भांडून आलेली एक मुलगी. मग एक नुसताच बडबड्या, ज्याचं जेवण बोलण्यात राहून गेलं होतं. जो कुणी सगळ्यात मागे असेल, सर त्याच्यानंतर संपवायचे. एवढ्या वर्षांत, एवढ्या ताटांवर. तिला आठवलं, की आपण तर घाईबाई. आपल्यासाठी त्यांना कधी थांबावंच लागलं नसेल. आणि का कोण जाणे, तिला याचं थोडं वाईट वाटलं.

ती मागच्या खोलीत गेली आणि सरळच विचारलं. सर काळ्या मातीची बरणी पुसत होते. पुसतच म्हणाले, की ते स्वतः याच निवासात विद्यार्थी होते, आणि तेव्हा मेसमध्ये असला काही रिवाज नव्हता. जेवला की निघाला. सर तेव्हा खरोखरच हळू जेवायचे. नोकर मंडळींना झाडायचं असायचं. ती बिचारी रिकाम्या टेबलांवर खुर्च्या उलट्या करून ठेवत जायची. एकेक टेबल करत ती जवळ यायची.

“चारी बाजूंना खुर्च्यांचे पाय वर,” सर म्हणाले. “मधे मी, आणि माझा भात. कुणी वाईट वागलं नाही हं माझ्याशी. पण घास गिळत नाही गं अशा वेळी.”

तिनं विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत.

“सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी म्हणून केलं असतंस.”

आणि झालं नेमकं तेच. आता तिला सगळं कळलं होतं, तरी तिची नजर त्या लांब खोलीत फिरेना. ती सरांवरच अडकली. तिला दिसू लागलं, की या मेसमध्ये सगळ्यात एकटा कोण असेल तर तो पुढच्या टेबलाच्या टोकाला बसलेला हा म्हातारा. बायको नाही, खुर्ची नाही, बरण्यांपलीकडे घर नाही. ती त्यांच्यासाठी थांबू लागली. सर कुणासाठी तरी थांबलेले, ती सरांसाठी थांबलेली, आणि अख्खा निवास दोघांसाठी. काकू खिडकीत भांडी आपटायच्या. सर एकदा वैतागून म्हणालेसुद्धा, “माझ्या ताटात काय बघतेस? मला माझं ताट ठाऊक आहे.”

पुढे तालमीचं प्रकरण निघालं. नाटकवाल्या मुलांना तालमीला जागा हवी होती, आणि परीक्षावाल्यांना शांतता. तिनं दोन्हीकडचं ऐकून ठरवलं, की तालीम मेसमध्ये, जेवणं आटोपल्यावर. अभ्यास वरच्या वाचनखोलीत. खांबानं मान हलवली आणि मागच्या खोलीकडे गेला. सर त्याला एवढंच म्हणाले, की ताईंनी सांगितलंय ना, मग झालं. पण हे म्हणताना त्यांची डावी भुवई वर गेली. खांब परत आला आणि सगळ्यांना गंभीरपणे म्हणाला, “भुवई गेली वर.” तालीम रद्द.

ती तणतणत सरांकडे गेली. सर चकितच झाले.

“अगं, डोळ्यात काहीतरी गेलं होतं माझ्या.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले. एवढे हसले की सरांना बरणी खाली ठेवावी लागली. पण हसू ओसरल्यावर खोलीत जे उरलं ते चांगलं नव्हतं. सरांनी बोलावं तर पंचाईत, गप्प बसावं तर पंचाईत; आणि आता चेहऱ्यानंही राहायची सोय उरली नव्हती. सभा आठवड्यावर आली होती. तिला माहीत होतं, की मुलं तिला नाही म्हणणार नाहीत कदाचित. पण हो म्हणण्याआधी सगळी माना वळवून मागच्या खोलीकडे बघतील, आणि त्या हो-ला मग काही अर्थ राहणार नाही. आणि ज्या माणसाला आपणच हाताला धरून ठेवून घेतलं, त्याला जा कसं म्हणायचं?

सर बरणीचं झाकण फिरवत होते.

“मी जाऊ म्हणतो. बहिणीकडे.”

“मी नाही म्हणते.”

“तू कोण नाही म्हणणारी?”

“निवासप्रमुख.”

“मग वाग की तशी,” सर म्हणाले.

ती म्हणाली, की तुम्ही गेलात तर तुमच्यासाठी कोण थांबेल तिकडे? बहिणीच्या घरी सगळे आठला जेवून टीव्हीसमोर बसतात, तुम्हीच सांगितलंय. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल काढत होतं आणि दुसऱ्या सायकली एकीवर एक कलंडत होत्या. मग सर म्हणाले, “बघू.”

त्याच संध्याकाळी तिनं मेसमध्ये उभं राहून सांगितलं, की तालीम रद्द झालेली नाही. ती आधी ठरलं होतं तशीच, इथेच होईल, आणि वाचनखोलीत कुणी संवाद म्हणायचे नाहीत. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. आणि सगळ्या माना एकदम पुढच्या टेबलाच्या टोकाकडे वळल्या. सगळे सरांची भुवई बघत होते.

सरांनी तोंड ताटात घातलं. जितकं घालता येईल तितकं. कासवाला निदान कवच असतं. या माणसाला चेहरा लपवायला जागा नव्हती.

आणि तिला चटका बसला तो याचा नाही. तिला चटका बसला तो याचा, की सगळ्यांबरोबर तिचीही मान तिकडेच वळली होती. तीही भुवईच बघत होती. हे लक्षात आलं तशी तिनं मान दुसरीकडे फिरवली, कुठेही, नुसती सरांकडून दूर, आणि खाली बसली.

तेव्हा तिला खांब दिसला. एरवी सगळ्यात आधी जेवून बसल्या जागेवरून सगळ्या टेबलांशी बोलणारा खांब. आज तो आपल्याच मित्रांच्या गराड्यात बसला होता आणि त्याचं ताट वाढलं होतं तसंच होतं. माना वळल्या तेव्हा त्याचीच एक मान वळली नव्हती. तो भातात बोटानं एक खळगा करत होता आणि परत बुजवत होता. मित्र त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. त्याला काय झालं होतं तिला माहीत नव्हतं. हे सगळ्यांपुढे विचारण्याजोगंही नव्हतं. एवढंच दिसत होतं, की आत्ता सगळे उठले, तर हा मुलगा वाढलेलं ताट तसंच खिडकीत सरकवून निघून जाईल.

तिचं जेवण झालं होतं. पोटात कणभर जागा नव्हती. तिनं वाढायला आलेल्या बाईंना हात केला आणि म्हणाली, “थोडा भात द्या.” बाईंनी वाढला. तिनं वर दही घेतलं आणि सावकाश, एकेक शीत मोकळं करत कालवायला लागली. खांबाकडे थेट बघितलं नाही. पण त्याच्या ताटाची कड तिच्या नजरेत होती, आणि ती कड सोडायची नाही असं तिनं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला जेवताना कसलीच घाई नव्हती.

तिकडे सरांच्या ताटात एक घास उरला होता. तो कुणासाठी उरवला होता ते सांगायला नको. सरांनी खांबाकडे बघितलं. मग तिच्या ताटाकडे बघितलं, त्या नव्यानं घेतलेल्या भाताकडे, तिच्या संथ बोटांकडे. ते जरा वेळ तसेच बसले. मग त्यांनी तो घास उचलून तोंडात टाकला, खरोखर चावला, गिळला, आणि ताट घेऊन उभे राहिले.

खुर्च्या वाजल्या. एवढ्या वर्षांची सवय. सगळी मेस आपोआप उठायला लागली. खांबही उठला, हातात भरलेलं ताट.

ती उठली नाही. तिनं मान वर केली नाही. तिनं एक घास केला आणि खाल्ला. मग दुसरा केला.

उभी राहिलेली खोली घोटाळली. कुणी सरांकडे बघितलं, कुणी तिच्याकडे. मग पाण्याच्या टाकीजवळच्या टेबलावर ती औषधशास्त्राची मुलगी खाली बसली. तिचं जेवण तर झालेलं होतं, तरी बसली. तिच्या शेजारची बसली. मग टेबलामागून टेबल बसत गेलं, एखाद्या मोठ्या जनावरानं हळूहळू गुडघे टेकावेत तसं. खांब सगळ्यात शेवटी बसला. त्यानं आजूबाजूला बघितलं, ताट पुढे ओढलं, आणि पहिला घास घेतला.

एवढ्या वेळात सर एकटेच उभे होते. त्यांच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. त्यांनी ताट खिडकीत ठेवलं. आत काकू हातातला झारा तसाच धरून बघत राहिल्या. सरांनी नळावर हात धुतले, रुमालानं बोटं एकेक करून पुसली, आणि जेवत बसलेल्या मुलांच्या रांगांमधून चालत, कुणाला काही न बोलता, दाराबाहेर निघून गेले.